फाइल कुठे जाते? ब्राउझरमधल्या पाच फुकट साधनांची पारख

फोटो लहान करून देणारी, मजकुराचं रूप पालटून देणारी, एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल धाडणारी फुकट संकेतस्थळं शोधायला गेलं तर ढिगाने सापडतात, आणि काम बहुतेक सगळीच करून देतात. खरा फरक असतो तो वेगळाच. तुमची फाइल तुमच्याच यंत्रावर राहते, की आधी कुणाच्या तरी सर्व्हरवर जाते आणि मग परत येते? पडद्यावर दोन्ही वेळा तेच दिसतं: बटण, फिरणारं चाक, डाउनलोड. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने अशा फुकट रूपांतर करणाऱ्या साइट्सबद्दल इशारा दिला होता. त्यातल्या काही फाइल बदलून देतात खऱ्या, पण परत देताना तिच्यात मालवेअर घालतात किंवा दिलेल्या फाइलमधली खाजगी माहिती उचलतात.

म्हणून खालची पाचही साधनं आधी या एकाच निकषावर तपासलेली आहेत. सोयी-गैरसोयींचा विचार त्यानंतर.

तपासण्याची रीत सोपी आहे. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, साधनाचं पान पूर्ण लोड होऊ द्या आणि एखाद्या बिनमहत्त्वाच्या फाइलवर काम एकदा करून पाहा. मग नेटवर्क बंद करा. फोनवर विमान मोड लावा आणि वायफायही बंद झालंय ना ते पाहा. लॅपटॉपवर वायफाय बंद करून केबल लावली असेल तर तीही काढा. आता हवी ती फाइल द्या. काम झालं आणि फाइल डाउनलोड झाली, तर सगळी प्रक्रिया तुमच्याच यंत्रावर चालली. नेटवर्क परत चालू करण्याआधी मात्र ती खिडकी आणि उघड्या असतील त्या बाकीच्या खाजगी खिडक्याही बंद करायच्या. पान फाइल ब्राउझरच्या साठवणीत ठेवून नंतर गुपचूप पाठवू शकतं. शेवटची खाजगी खिडकी बंद झाली की त्यांची साठवण पुसली जाते, म्हणून ती वाट बंद होते.

आधीची रंगीत तालीम विसरू नका. बरीच साधनं लागेल तसे आपले तुकडे मागवतात. तो तुकडा आलेलाच नसेल तर साधन प्रामाणिक असूनही नेटवर्कविना अडून बसतं आणि आपण उगाच त्याच्यावर संशय घेतो.

संगणकावर दुसरी खात्री एफ१२ दाबून करता येते. उघडलेल्या पट्टीतला ‘नेटवर्क’ हा भाग निवडा, मग फाइल द्या आणि नव्याने उमटणाऱ्या ओळी पाहा. ‘पोस्ट’ किंवा ‘पुट’ अशी ओळ आली आणि तिच्यातून तुमच्या फाइलएवढा ऐवज बाहेर गेला, तर अपलोड झालं असं समजा.

या कसोटीवर सर्वात स्वच्छ उतरतं ते स्कूश. गूगलच्या क्रोम लॅब्सने २०१८ मध्ये आणलेलं हे फोटो लहान करायचं साधन आहे. चित्र पानावर सोडलं की मध्ये एक उभी रेघ येते. डावीकडे मूळ, उजवीकडे आकसलेलं. रेघ सरकवत, चित्र मोठं करत, नेमकं काय बिघडलं ते तिथल्या तिथे दिसतं. दोन्ही बाजूंना वेगवेगळे फॉरमॅटही लावता येतात, त्यामुळे वेबपी बरं की एव्हीआयएफ हा वाद डोळ्यांनी मिटवता येतो. चित्र सर्व्हरवर जात नाही. पण पान गूगल अॅनालिटिक्स वापरतं, आणि भेटीच्या सर्वसाधारण माहितीबरोबर चित्राचा आधीचा व नंतरचा आकार किती केबी होता ही नोंद त्यातून जाते. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ज्यांना तेवढंही नको त्यांनी विमान मोडमध्येच काम उरकावं. एकदा लोड झाल्यावर स्कूश नेटवर्कविना मजेत चालतं.

वापरताना लोक एक चूक हमखास करतात: आधी ‘क्वालिटी’ खाली ओढतात. सुरुवात ‘रिसाइझ’पासून करायची. फोनचा ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. रुंदी १६०० केली की उंची आपोआप १२०० होते आणि उरतात १९ लाख २० हजार, म्हणजे जेमतेम १६ टक्के. स्क्रीनवर पाहायच्या फोटोला एवढे पिक्सेल भरपूर. यानंतर मोझजेपेग (जेपेग फाइल बनवणारा पर्याय) निवडून क्वालिटी ७५ वर ठेवली तर बहुतेक वेळा आणखी काही करावंच लागत नाही. याउलट आकार तसाच ठेवून क्वालिटी २०-२५ वर नेली तर आकाशात, भिंतीवर, गालांवर चौकटी दिसू लागतात. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारकावे वेगळे गाळतं. गाळणी फार कडक झाली की शेजारच्या चौकोनांचा एकमेकांशी मेळ राहत नाही आणि सांधे उघडे पडतात.

स्क्रीनशॉटला जेपेग लावूच नका. अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके येतात, कारण काळ्या-पांढऱ्याची तुटक सीमा हीच जेपेगची दुखरी नस. तिथे ऑक्सिपीएनजी (पीएनजी फाइल बनवणारा पर्याय) घ्या आणि ‘रिड्यूस पॅलेट’ चालू करून रंग ६४ वर आणा. नुसतं ऑक्सिपीएनजी एकही पिक्सेल न गमावता दाबतं, त्यामुळे बचत बेताचीच होते. खरी घट रंग कमी केल्यावर दिसते. सपाट रंगांचा स्क्रीनशॉट असेल तर ‘डिदरिंग’ शून्यावर ठेवा, नाहीतर रंग भरून काढायला पेरलेले ठिपकेच फाइल पुन्हा फुगवतात.

एव्हीआयएफची फाइल खूप लहान होते, पण जुन्या फोनवर ती तयार व्हायला कंटाळा येईल इतका वेळ लागतो, आणि ऑनलाइन अर्ज ती अनेकदा स्वीकारत नाहीत. अर्जाला जोडायचा फोटो मोझजेपेगमध्येच करा.

आता उणिवा. ‘१०० केबीच्या आत बसव’ असं स्कूशला सांगता येत नाही. सरकपट्टी मागे-पुढे करत आकडा गाठावा लागतो. एका वेळी एकच चित्र घेतं, म्हणजे पन्नास फोटो असतील तर हे साधन तुमचं नव्हे. हवा तेवढा भाग मोकळ्या हाताने कापायची सोय नाही. आयफोनचे एचईआयसी फोटो बहुतेक ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. ते आधी फोनवरच जेपेग करून घ्यावे लागतात. आणि चित्र नव्याने बनत असल्यामुळे फोटोत दडलेली सगळी माहिती, म्हणजे ठिकाण, तारीख, कॅमेरा, झडून जाते. फोटो अनोळखी माणसाला पाठवताना घराचं ठिकाण त्यातून जात नाही, हे उत्तमच. पण अल्बममध्ये तोच फोटो काढल्याच्या नव्हे, लहान केल्याच्या तारखेला जाऊन बसतो. मूळ फाइल पुसू नका.

मजकुराचं रूप पालटून देणारं सायबरशेफ हे दुसरं, आणि दिसायला सर्वात बिचकवणारं. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेने २०१६ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. गुप्तहेरांनी बनवलेलं साधन आणि फाइलची काळजी, हा विनोद वाटेल. पण मूळ कोड उघडा आहे, सगळं काम ब्राउझरमध्ये होतं, आणि वरच्या कोपऱ्यातल्या डाउनलोडच्या दुव्याने अख्खं साधन यंत्रावर उतरवून कायम ऑफलाइन वापरता येतं. डावीकडे क्रियांची यादी, मध्ये ‘रेसिपी’, उजवीकडे वर मजकूर आणि खाली निकाल. यादीतली क्रिया ओढून मध्ये टाकायची, बस्स.

रोजच्या कामात मराठी माणसाला याचा उपयोग कुठे? मराठी शब्द असलेली लिंक कॉपी करून पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते, ते तुम्ही पाहिलं असेलच. तिचा हिशोब मजेदार आहे. ‘मराठी’ या शब्दात संगणकाच्या लेखी पाच चिन्हं आहेत: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व पुढे दोन अक्षरं असा तिपटीने लिहिला जातो. पाच गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ४५. तीन अक्षरी शब्दाची पंचेचाळीस खुणांची माळ होते ती अशी. ‘यूआरएल डिकोड’ ही क्रिया टाकली की ती माळ पुन्हा वाचता येण्याजोगी होते, आणि आलेली लिंक नेमकी कुठल्या पानाची आहे ते उघडण्याआधीच कळतं.

तसंच संगणकाच्या नोंदींमध्ये दिसणाऱ्या दहा आकडी संख्यांचं. १७००००००००  ही १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांची मोजणी आहे. ‘फ्रॉम युनिक्स टाइमस्टॅम्प’ तिला १४ नोव्हेंबर २०२३ करून देतं. संख्या तेरा आकडी असेल तर ती मिलिसेकंदांत आहे, एकक बदला. नाहीतर साल ५५ हजारांच्या पलीकडे जातं.

सायबरशेफमध्ये एक खड्डा आहे आणि त्यात जाणकारही पडतात. तुम्ही लिहिलेला छोटा मजकूर आणि रेसिपी दोन्ही पानाच्या पत्त्यातच, हॅशच्या चिन्हापुढे, जमा होत जातात. हॅशपुढचा भाग सर्व्हरला जात नाही हे खरं. पण तो ब्राउझरच्या इतिहासात राहतो, आणि ‘बघ, अशी रेसिपी केलीय’ म्हणून पत्ता कुणाला पाठवलात तर मजकूरही त्याच्यासोबत जातो. ‘सेव्ह’च्या चौकटीत मजकुराची खूण काढून फक्त रेसिपीची लिंक घ्या.

फोनवरून संगणकावर फाइल न्यायला पेअरड्रॉप. दोन्ही यंत्रांवर एकच पान उघडायचं, समोरच्याचं चिन्ह दिसलं की त्यावर टिचकी मारून फाइल निवडायची, पलीकडे ‘स्वीकारा’ म्हणायचं. खातं नाही, अॅप नाही. ओळख करून द्यायला इंटरनेट लागतं, पण दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर असतील तर फाइल वेबआरटीसी या ब्राउझरना जोडणाऱ्या तंत्राने थेट एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते, म्हणून इथे विमान मोडची कसोटी गैरलागू आहे. यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत किंवा जोडली जात नाहीत ही नेहमीची तक्रार. कारण सहसा तीनपैकी एक असतं: फोन मोबाइल डेटावर आहे, एका यंत्रावर व्हीपीएन चालू आहे, किंवा पाहुण्यांसाठीचं वायफाय आहे, जे यंत्रांना मुद्दाम एकमेकांपासून तोडतं. पहिली दोन कारणं हाताने सोडवा. नाहीच जमलं तर सहा आकडी संकेत देऊन यंत्रांची जोडी लावता येते. मोठी फाइल जात असताना फोनचा पडदा विझू देऊ नका. बहुतेक अर्धवट राहिलेल्या फाइली एवढ्यामुळेच राहतात.

पेअरड्रॉप ज्याच्यावरून बनलं ते स्नॅपड्रॉप पुढे लाइमवायर या कंपनीने घेतलं. नाव आणि पत्ता ओळखीचा, मालक मात्र दुसरा. जुनी बुकमार्क केलेली साधनं अधूनमधून पुन्हा तपासावी लागतात ती यासाठी.

‘हॅव्ह आय बीन पोन्ड’मध्ये प्रकरण रंगतदार होतं, कारण इथे नेटवर्क लागतंच आणि तरीही गुपित बाहेर पडत नाही. ऑस्ट्रेलियातले सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये ही सेवा सुरू केली. ईमेल टाकला की तो कुठल्या फुटलेल्या माहितीसाठ्यात सापडला ते सांगते. इथे ईमेल सर्व्हरला जातो, त्याला इलाज नाही. पासवर्ड तपासायचा विभाग वेगळा आहे, आणि त्याची रचना पाहण्यासारखी आहे.

तुम्ही पासवर्ड टाइप केला की ब्राउझर त्याचा ठसा काढतो. शा-१ नावाच्या गणिताने कुठल्याही मजकुराचा ४० चिन्हांचा ठसा निघतो; त्यावरून मजकुराकडे सरळ परतता येत नाही. ‘पासवर्ड’ हाच इंग्रजी शब्द लहान अक्षरांत पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्यांचा ठसा ५-बी-ए-ए-६ असा सुरू होतो. सर्व्हरला जातात ती फक्त ही पहिली पाच चिन्हं. त्या पाचांनी सुरू होणारे, फुटलेल्या पासवर्डांचे जेवढे ठसे साठ्यात असतील तेवढ्या सगळ्यांची उरलेली ३५ चिन्हं आणि प्रत्येकापुढे तो किती वेळा सापडला याचा आकडा, अशी अख्खी यादी परत येते. तुमचा ठसा त्यात आहे का हे तुमचाच ब्राउझर पाहतो. पाच चिन्हांचे प्रकार होतात १० लाख ४८ हजार ५७६. म्हणजे सर्व्हरला तुम्ही त्यांपैकी कुठल्या गठ्ठ्यात डोकावलात एवढंच कळतं. ही पद्धत २०१८ मध्ये आली. एफ१२ च्या नेटवर्क पट्टीत पाच चिन्हांची ती मागणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, विश्वास ठेवायची गरज उरत नाही. तरीही सध्या चालू असलेला बँकेचा पासवर्ड कुठल्याच पानावर टाइप न करणं चांगलं. पासवर्ड मॅनेजरमध्ये हीच तपासणी अनेकदा आतच दिलेली असते.

निकाल वाचताना घाई नको. ईमेल ‘सापडला’ म्हणजे पासवर्ड फुटलाच असं नाही. प्रत्येक घटनेखाली काय काय बाहेर पडलं त्याची यादी असते. तिच्यात पासवर्डचा उल्लेख असेल तर त्या साइटचा आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथला, दोन्ही बदला. उलट, काहीच सापडलं नाही म्हणजे निर्धास्त राहावं असंही नाही: ज्या चोऱ्या उघड झाल्या त्याच साठ्यात असतात. शिवाय नाजूक स्वरूपाच्या साइट्सच्या घटना, उदाहरणार्थ विवाहबाह्य ओळखी जुळवणाऱ्या, जाहीर शोधात मुद्दाम दाखवत नाहीत. ईमेल आपलाच आहे हे पडताळून घेतल्यावरच त्या दिसतात. फुकट सूचनेसाठी नाव नोंदवलं की ही पडताळणीही होऊन जाते, म्हणून ती सोय जरूर वापरा.

या साठ्यात ऑक्टोबर २०२४ ची एक नोंद आहे इंटरनेट आर्काइव्हची, ३ कोटी १० लाख खात्यांची. म्हणजेच या यादीतलं पाचवं साधन, संकेतस्थळांच्या जुन्या प्रती दाखवणारं वेबॅक मशीन, चालवणाऱ्या संस्थेची. चोरीला गेले ते ईमेल, वापरकर्त्यांची नावं आणि पासवर्डांचे ठसे; साठवलेली पानं सलामत राहिली, पण सेवा काही दिवस बंद होती. वेबॅक मशीन वापरायला खातं लागत नाही. ज्यांनी तेव्हा खातं काढलेलं होतं त्यांनी पासवर्ड बदललाय ना, एवढं पाहावं.

वेबॅक मशीनबद्दल सगळ्यांना माहीत असतं, पण बहुतेक जण ते कॅलेंडरवर टिचक्या मारून वापरतात आणि कंटाळतात. त्याची ताकद पत्त्यात आहे. ‘वेब डॉट आर्काइव्ह डॉट ऑर्ग’, तिरकी रेघ, ‘वेब’, तिरकी रेघ, आणि पुढे हव्या त्या पानाचा पूर्ण पत्ता लिहिला की सर्वात ताजी प्रत उघडते. मध्ये २०१० आणि तिरकी रेघ घातली तर २०१० च्या जवळची. वर्षाच्या जागी तारांकन टाकलं तर कॅलेंडर. पत्त्याच्या शेवटीही तारांकन दिलं तर त्या साइटच्या साठवलेल्या सगळ्या पानांची यादी. बंद पडलेल्या साइटवरचं एखादं पीडीएफ शोधायचं असेल तर हा शेवटचा उपाय रामबाण आहे: यादीच्या गाळणीत ‘पीडीएफ’ लिहा.

उघडलेल्या प्रतीच्या पत्त्यात १४ आकडी संख्या दिसते. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, या क्रमाने. वेळ यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची असते, तुमच्या घड्याळाची नाही. एखाद्या दिवसाच्या सीमेवर ‘कधी बदललं’ हे ठरवताना तारीख एकने चुकू शकते. कॅलेंडरवर निळं वर्तुळ म्हणजे पान नीट मिळालं, हिरवं म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे वळवलं गेलं, नारिंगी म्हणजे पान सापडलं नाही किंवा नाकारलं, तांबडं म्हणजे त्या वेळी साइटचा सर्व्हरच कोलमडलेला. निळं सोडून बाकीच्यांवर वेळ घालवू नका. त्या संख्येला चिकटून इंग्रजी आय, डी आणि अंडरस्कोर लिहिलं की वरची पट्टी जाते आणि पान मूळ आलं तसं मिळतं.

फसगत दोन ठिकाणी होते. प्रतीतल्या लिंकवर टिचकी मारली की वेबॅक तारखेने जवळची प्रत देतं, आणि ‘जवळची’ दोन वर्षं पुढची असू शकते. तारीख न सांगता बदलते. दर टिचकीनंतर वरच्या पट्टीकडे पाहायची सवय लावा. दुसरं, एकाच पानावरचा मजकूर एका दिवशीचा आणि चित्र दुसऱ्या महिन्यातलं असू शकतं, कारण ते वेगवेगळ्या वेळी गोळा झालेले असतात. पट्टीतल्या ‘अबाउट धिस कॅप्चर’मध्ये प्रत्येक तुकड्याची वेळ दिलेली असते. वादात पुरावा म्हणून प्रत दाखवायची असेल तर हे आधी पाहा, नाहीतर समोरचा पाहील.

जुनी मराठी पानं उघडली की गिचमिड रोमन अक्षरं दिसतात, तो वेबॅकचा दोष नव्हे. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक साइट आपला फॉन्ट वापरत असे. तो फॉन्ट साठवला गेलेला नसतो, किंवा त्या जातीचा फॉन्ट आजचे ब्राउझर ओळखत नाहीत. पानाचा मूळ स्रोत उघडून फॉन्टचं नाव शोधा, मजकूर कॉपी करा आणि त्याच फॉन्टसाठीच्या युनिकोड परिवर्तकात टाका. दुसऱ्या फॉन्टचा परिवर्तक चालत नाही. जोडाक्षरं आणि रफार तरीही हाताने दुरुस्त करावे लागतात.

पान स्वतः साठवायचं असेल तर ‘सेव्ह पेज नाउ’च्या चौकटीत पत्ता द्या आणि झाल्यावर प्रत खाजगी खिडकीत उघडून बघा. लॉगिनमागची पानं साठत नाहीत, खाली सरकवत गेल्यावर उलगडणाऱ्या मजकुरातला फक्त वरचा भाग साठतो, आणि कधीकधी मजकुराऐवजी ‘तुम्ही मानव आहात का’ हा प्रश्नच जतन होतो. साठवलेली प्रत जगजाहीर असते हे लक्षात ठेवा. ‘लिंक असलेल्या कुणालाही दिसेल’ अशा खाजगी कागदाचा पत्ता इथे कधीही देऊ नका. दिलाच, तर कागद मुळातून काढून टाकला तरी प्रत राहते. ती हटवायला इंटरनेट आर्काइव्हला ईमेलने, नेमके पत्ते आणि त्या पानांवरचा आपला हक्क दाखवून, विनंती करावी लागते.